जीवोत्पत्तीच्या बातमीत कृती आणि प्रमाणही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पृथ्वीवर जीव कसा निर्माण झाला याविषयी आपल्या विज्ञान पुरवणीत आलेला लेख वाचला. या विषयाला पानभर जागा दिलीत, त्याबद्दल आभार. तक्रार आहे ती लेखासोबतच्या चौकटीबद्दल. 'आदिम सूप', 'आरएनए जग', 'समुद्रतळाचे झरे' आणि 'अंतराळातून आलेले बीज' अशी चार नावे एकाखाली एक मांडून त्यात कोणाचे पारडे जड, याचा निकाल दिला आहे. मुळात ही एकाच प्रश्नाची चार उत्तरे नाहीत. सूपवाले कच्च्या मालाबद्दल बोलतात. आरएनएवाले (आरएनए म्हणजे पेशीत माहिती वाहणारा, डीएनएसारखा रेणू) स्वतःची नक्कल करणारा पहिला रेणू शोधतात. झरेवाल्यांना हे सगळे चालवणारी ऊर्जा कुठून आली ते सांगायचे असते. अंतराळवाले बव्हंशी पत्ता बदलून देतात. या क्षेत्रातली खरी भांडणे वेगळीच असतात: पाणी किती होते, किती तापलेले होते, सामू (पीएच, म्हणजे पाण्याचा आम्लपणा किंवा अल्कपणा) किती होता आणि प्रयोग करणाऱ्याने मध्ये किती वेळा हात घातला. हे तपशील गाळले की प्रत्येक बातमी 'रहस्य उलगडले' याच मथळ्याची होते.

मिलरचा प्रयोग घ्या. लेखात त्याला एकच वाक्य आहे: वायूंमधून वीज सोडली आणि जीवनाचे घटक तयार झाले. शिकागो विद्यापीठात हॅरल्ड यूरी यांच्या हाताखाली शिकणाऱ्या स्टॅन्ली मिलरचा हा निबंध मे १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे उपकरण असे होते: खाली अर्ध्या लिटरच्या चंबूत पाणी, वर पाच लिटरच्या चंबूत टंगस्टनचे दोन इलेक्ट्रोड, त्याखाली शीतक आणि तळाशी यू आकाराचे वळण असलेली नळी. आतली हवा काढून मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन २:२:१ या प्रमाणात भरायचे. पाणी उकळले की वाफ वायूंना घेऊन ठिणगीपाशी जाते, पुढे शीतकात गार होते आणि वाटेत जे बनले ते घेऊन खालच्या चंबूत परत येते. यू नळी ही फेरी उलटी फिरू देत नाही. हे वळण दिसते क्षुल्लक, पण ठिणगी जे जोडते तेच ती पुन्हा मोडूही शकते. तयार माल लगेच ठिणगीपासून दूर गेला म्हणून तो टिकला.

पहिल्या दिवसानंतर पाणी गुलाबी झाले होते, आठवड्याअखेर गडद लाल आणि गढूळ. हा गढूळपणा काचेतून सुटलेल्या सिलिकाचा, हे मिलरनेच नोंदवून ठेवले आहे. अमोनियामुळे पाणी अल्कधर्मी होते आणि तसले गरम पाणी काच खाते. जवळपास सत्तर वर्षे या नोंदीकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. २०२१ मध्ये हाच प्रयोग काचेच्या आणि टेफ्लॉनच्या भांड्यांत शेजारी शेजारी करून पाहण्यात आला. टेफ्लॉनमध्ये निघालेल्या रेणूंची संख्या आणि विविधता दोन्ही कमी भरली. त्याच टेफ्लॉनमध्ये काचेचे तुकडे टाकल्यावर ती वाढली. म्हणजे ज्याला सगळे नुसते भांडे समजत होते, ते स्वतःच एक घटक होते. आदिम पृथ्वीवर सिलिकायुक्त खडकांची काही वाण नव्हती, त्यामुळे हा शोध मिलरच्या पथ्यावरच पडला.

आता हाती काय लागले ते पाहू. मिथेनच्या रूपाने आत घातलेल्या कार्बनपैकी सुमारे २ टक्के ग्लायसिनमध्ये सापडला. ग्लायसिन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल. त्याच्या दुप्पट, म्हणजे ४ टक्क्यांच्या आसपास, कार्बन फॉर्मिक आम्लात गेला होता. बराचसा उरलेला भाग डांबरासारखा चिकट, तपकिरी आणि ओळख न पटणारा. हे डांबर या क्षेत्राचे जुने दुखणे आहे. कार्बनी रेणूंना नुसती ऊर्जा देत राहिले की त्यांचा कल डांबराकडेच असतो. मिलरच्या जपून ठेवलेल्या कुप्या २००८ मध्ये जेफ्री बादा आणि सहकाऱ्यांनी नव्या उपकरणांनी तपासल्या. ज्वालामुखीतल्या वाफेची नक्कल करणाऱ्या एका मांडणीत त्यांना २२ अमिनो आम्ले सापडली. ही भर मोलाची आहे, पण डांबर तिथेही होते.

मिलरवरचा नेहमीचा आक्षेप वायूंबद्दलचा आहे. ज्वालामुखींतून मुख्यतः पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन बाहेर येतात. मिथेन-अमोनियाने भरलेले वातावरण तेव्हा फार काळ टिकले असेल, असे आज बहुतेकांना वाटत नाही. कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनमधून ठिणगी सोडली की उत्पन्न एकदम घसरते. त्याचे कारणही कळले आहे: अशा मिश्रणात नायट्राइट बनतात, पाणी आम्लधर्मी होते आणि तयार झालेली अमिनो आम्ले तपासणीच्या आधीच नष्ट होतात. २००८ च्याच एका प्रयोगात सामू चुनखडीने सांभाळला, ऑक्सिडीकरण रोखणारा पदार्थ घातला, तेव्हा उत्पन्न पुष्कळ वाढले. समुद्रात विरघळलेल्या लोहाने हे काम केले असते, हा त्यामागचा तर्क. मला तो पटतो, मात्र 'केले असते' आणि 'केले' यांतले अंतर बातमीत पुसले जाऊ नये.

यानंतरचा अडथळा पातळपणाचा. ठिणगीपाशी बनणाऱ्या पदार्थांत सर्वांत कामाचा, आणि आपल्याला विषारी म्हणूनच ठाऊक असलेला, रेणू म्हणजे हायड्रोजन सायनाइड. आल्डिहाइड, अमोनिया आणि सायनाइड एकत्र आले की अमिनो आम्ल मिळते. सायनाइडचे पाच रेणू जोडले की आरएनएतला ॲडेनिन हा घटक होतो. हे जुआन ओरो यांनी १९६० मध्ये दाखवले, उत्पन्न जेमतेम अर्धा टक्का. पण ओरोंच्या भांड्यातले सायनाइड भलतेच दाट होते. लिटरला साधारण ०.०१ मोलपेक्षा कमी सायनाइड असले तर त्याचे रेणू एकमेकांशी जोडले जाण्याऐवजी पाण्याशी जोडले जातात आणि फॉर्मामाइड बनून पुढे विघटित होतात. खुल्या समुद्रात ही मर्यादा गाठणे जवळपास अशक्य आहे. म्हणून 'महासागराचे सूप' हा शब्दप्रयोग आता जुना झाला. त्याऐवजी आटणारी तळी किंवा गोठणारे पाणी यांचा विचार होतो. पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक शुद्ध पाण्याचे बनतात आणि सायनाइड उरलेल्या द्रवाच्या बारीक शिरांमध्ये दाटत जाते. थंडीत विक्रिया मंद चालते, पण मालही टिकतो.

साखरेचे दुखणे याहून मोठे. आरएनएच्या कण्यात रायबोज ही शर्करा असते. फॉर्माल्डिहाइडपासून शर्करा बनवण्याची विक्रिया बटलेरोव्हने १८६१ मध्येच शोधली. तिच्यातून डझनावारी शर्करा निघतात आणि त्यांत रायबोज टक्काभरही भरत नाही. विक्रिया वेळेवर थांबवली नाही तर पिवळट पाक पुढे तपकिरी होतो आणि शेवटी पुन्हा तेच डांबर. मिलरनेच सहकाऱ्यांसह १९९५ मध्ये रायबोजचे आयुष्य मोजले: सामू ७ आणि तापमान १०० अंश असताना त्यातला निम्मा भाग ७३ मिनिटांत नष्ट होतो, शून्य अंशाला ४४ वर्षांत. यावर दोन उपाय पुढे आले. एक, बोरेट खनिजे रायबोजला धरून ठेवतात आणि पुढे मोडू देत नाहीत. हे २००४ मधले काम. दुसरा उपाय जॉन सदरलँड यांच्या गटाचा, २००९ मधला: रायबोज वेगळे बनवायचेच नाही. ग्लायकोलाल्डिहाइड आणि सायनामाइड यांच्यापासून अर्धी साखर आणि अर्धा बेस (आरएनएचे 'अक्षर' ठरवणारा भाग) असा जोडरेणू करायचा, त्यात ग्लिसराल्डिहाइड मिसळायचे, मग सायनोॲसिटिलीन, आणि शेवटी फॉस्फेटबरोबर तापवायचे. अतिनील प्रकाशात नको असलेले बरेच जोडपदार्थ नष्ट होतात आणि आरएनएचे सी आणि यू हे घटक उरतात.

रसायनशास्त्र म्हणून हे काम देखणे आहे. पण क्रम पाहा. सगळे एकदम ओतले तर गोंधळ होतो. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळी यावा लागतो. प्रयोगशाळेत तो बाटलीतून येतो. निसर्गात तो दुसऱ्या ओढ्यातून, वेगळ्या तळ्यातून यावा लागेल. फॉस्फेट तर तिथे असूनही हाती लागत नाही, कारण कॅल्शियम दिसले की ते ॲपेटाइट हे खनिज बनून तळाशी बसते. कार्बोनेटने भरलेल्या सरोवरांत मात्र कॅल्शियम आधीच कार्बोनेटबरोबर बाहेर पडते आणि फॉस्फेट पाण्यात साठत राहते. म्हणून जीवोत्पत्तीचा शोध घेणारे लोक आता सोडा सरोवरांच्या काठांवर दिसतात.

घटक मिळाले तरी ते साखळीत गुंफायचे कसे? दोन न्यूक्लिओटाइड (आरएनएचे सुटे घटक) किंवा दोन अमिनो आम्ले जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. भोवती पाणीच पाणी असेल तर विक्रिया उलट दिशेला ओढली जाते, साखळी वाढण्याऐवजी तुटते. डेव्हिड डीमर यांच्यासारखे संशोधक ऊन पाण्याच्या झऱ्यांकडे बोट दाखवतात ते याचसाठी: काठावरचे पाणी आटते तेव्हा साखळ्या जुळतात, पुन्हा भिजले की त्या पसरतात. मातीचाही उपयोग होतो. जेम्स फेरिस यांनी १९९६ मध्ये माँटमोरिलोनाइट या चिकणमातीवर ४० ते ५० घटकांच्या साखळ्या वाढवल्या. बातमीत नेहमी गाळला जाणारा तपशील असा, की त्यासाठी वापरलेले न्यूक्लिओटाइड आधीच रासायनिक रीतीने सक्रिय केलेले होते. साधे न्यूक्लिओटाइड मातीवर टाकले तर असे काही होत नाही.

आरएनए जगाची बाजू भक्कम आहे, यात वाद नाही. थॉमस चेक आणि सिडनी आल्टमन यांना १९८९ चे नोबेल मिळाले ते आरएनएही उत्प्रेरकाचे काम करू शकतो, हे दाखवल्याबद्दल. २००० मध्ये रायबोसोम या पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्राची रचना उलगडली, तेव्हा प्रथिने जोडण्याच्या जागी एकही प्रथिन आढळले नाही. ते काम आरएनएच करतो. इतका ठोस जीवाश्म पेशीच्या आत दुसरा नसावा. अडचण आहे ती अचूकतेची. मॅनफ्रेड आयगेन यांनी १९७१ मध्ये मांडलेला हिशेब ढोबळमानाने असा: साखळी १०० घटकांची असेल तर नक्कल करताना दर घटकामागे चूक एक टक्क्याच्या आतच हवी, नाहीतर पिढ्यागणिक मजकूर पुसला जातो. आणि नक्कल चांगली चालली तरी वेगळाच धोका असतो. १९६७ मध्ये सोल स्पीगलमन यांनी एका विषाणूचा आरएनए, नक्कल करणारे एन्झाइम आणि सुटे घटक परीक्षानळीत घातले आणि थोडा थोडा माल एका नळीतून दुसरीत नेत राहिले. ७४ नळ्यांनंतर त्या आरएनएचा ८३ टक्के भाग गळून गेला होता. जो आखूड तो लवकर छापला जातो, म्हणून आखूडच जिंकला. उत्क्रांती नळीतही होते, पण तिला गुंतागुंत वाढवायची घाई नसते.

ही आखूड होण्याची पळवाट बंद करायला पिशवी लागते, म्हणजे पेशीचे आवरण. मेदाम्ले ठरावीक दाटीत आणि योग्य सामूला आपोआप गोल पिशव्या करतात. डीमर यांनी १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीतून काढलेल्या पदार्थांपासूनही तशा पिशव्या बनवल्या. इथे मात्र दोन गरजा एकमेकींच्या मुळावर येतात. आरएनएची नक्कल व्हायला मॅग्नेशियम भरपूर लागते, लिटरमागे ५० मिलिमोल किंवा त्याहून अधिक. मेदाम्लांच्या पिशव्या त्याच्या दहाव्या हिश्शातच फुटतात, कारण मॅग्नेशियम मेदाम्लांना धरून साबणाच्या साक्यासारखे तळाशी बसवते. जॅक शोस्टॅक यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये त्यात सायट्रेट घातले. सायट्रेट मॅग्नेशियमला असे पकडते की पिशवी वाचते आणि नक्कलही चालू राहते. मग इतके सायट्रेट कुठून आले, हा प्रश्न उभा राहतो. या क्षेत्रातली प्रगती साधारण अशीच होते: एक गाठ सुटते आणि दोरी पुढे सरकून दुसऱ्या गाठीशी अडते.

समुद्रतळाच्या झऱ्यांबद्दल लेखात 'धूर ओकणारी काळी धुराडी' असे वर्णन आहे. ती ३५० अंशांच्या आसपास तापलेली आणि आम्लधर्मी असतात, नाजूक रेणू तिथे टिकणे कठीण. मायकेल रसेल, विल्यम मार्टिन, निक लेन ही मंडळी ज्यांच्याविषयी बोलतात ते झरे निराळे. डिसेंबर २००० मध्ये अटलांटिकच्या तळाशी 'लॉस्ट सिटी' नावाचे क्षेत्र सापडले. तिथले पाणी ४० ते ९० अंश, सामू ९ ते ११, आणि कार्बोनेटचे पांढरे सुळके ६० मीटरपर्यंत उंच. ऑलिव्हिन खनिजावर पाण्याची विक्रिया होऊन सर्पेंटाइन बनते आणि हायड्रोजन सुटतो. ज्वालामुखीची गरजच नाही. तेव्हाचा समुद्र कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी होता. सुळक्याच्या पातळ भिंतीच्या एका बाजूला तसे पाणी, दुसऱ्या बाजूला अल्कधर्मी पाणी, म्हणजे प्रोटॉनचा (हायड्रोजनच्या धनभारित कणांचा) तयार उतार: एकीकडे ते जास्त, दुसरीकडे कमी. आजही जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आवरणाच्या दोन बाजूंना असाच उतार राखून ऊर्जा मिळवते. २०२० मध्ये लोह-निकेल सल्फाइडच्या भिंतीवर हा उतार ठेवून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचेच रूप) मिळवले गेले. उतार काढला तर फॉर्मेट नाही. मिळाले ते अत्यल्प. सायनाइडचा मार्ग मात्र इथे चालत नाही, कारण दाटी होत नाही आणि अतिनील प्रकाश इतक्या खोल पोहोचत नाही. तळेवाले आणि झरेवाले एकमेकांना नेमके हेच सुनावतात, आणि दोघांचेही बरोबर आहे.

अंतराळाबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये बेनू लघुग्रहावरून आलेल्या १२१.६ ग्रॅम मालात प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्ले आणि केंद्रकाम्लांचे (डीएनए आणि आरएनएचे) पाचही बेस सापडले. हे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. मथळ्यांतून निसटलेली गोष्ट अशी, की त्या अमिनो आम्लांत डावे आणि उजवे रेणू (एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असलेली दोन रूपे) जवळपास समसमान होते. सजीव मात्र जवळजवळ केवळ डावेच वापरतात. मर्चिसन अशनीत काही अमिनो आम्लांचे डावे रूप जास्त आढळले होते आणि हा डावेपणा आकाशातूनच आला, अशी आशा त्यावर उभी होती. ती आता डळमळली आहे. बाहेरून आलेल्या नमुन्यांबाबत भेसळीची शंका कायम जागी ठेवावी लागते. १८६४ मध्ये फ्रान्समध्ये पडलेल्या ऑर्गेल अशनीच्या एका तुकड्यात वनस्पतीच्या बिया निघाल्या होत्या. शंभर वर्षांनी कळले की त्या कोणीतरी गोंद आणि कोळशाची पूड लावून आत बसवल्या होत्या! डॉ. जयंत नारळीकर यांचा सहभाग असलेल्या २००५ मधल्या बलून प्रयोगात २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. त्या वेळीही, त्या परग्रहावरूनच आल्या हे यावरून सिद्ध होत नाही, असे इस्रोने निवेदनातच म्हटले होते. तो सावधपणा वाखाणण्याजोगा आहे.

प्रथिन केवळ योगायोगाने जुळणे अशक्य, हे दाखवायला लेखात दिलेली '१ वर १३० शून्ये' ही संख्या गणिताने बरोबर आहे: २० प्रकारच्या अमिनो आम्लांची १०० मण्यांची माळ तितक्या प्रकारे ओवता येते. पण कामाची माळ त्यांत एकच असते, हे गृहीतक चूक आहे. २००१ मध्ये कीफ आणि शोस्टॅक यांनी ८० मण्यांची सुमारे ६ लाख कोटी यादृच्छिक प्रथिने चाळली आणि एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूला धरून ठेवणारे चार वेगवेगळे गट त्यांना सापडले. त्यांच्या अंदाजाने हे प्रमाण ढोबळमानाने दर १०० अब्जांत एक असे पडते. १ वर ११ शून्ये ही संख्या लहान नाही, पण चिमूटभर द्रावणात तितके रेणू सहज मावतात.

शेवटी एक दुरुस्ती. 'निर्जीवातून सजीव होत नाही हे पाश्चरने सिद्ध केले, मग हे सिद्धान्त कसे टिकतात?' असा प्रश्न लेखाच्या अखेरीस आहे. पाश्चरने १८६०च्या सुमारास दाखवले ते इतकेच, की उकळलेला पोषक द्रव बाकदार मानेच्या चंबूत ठेवला आणि धूळ आत जाऊ दिली नाही तर त्यात जंतू उपजत नाहीत. त्या चंबूत ऑक्सिजनने भरलेली आजची हवा होती, ठिणगी किंवा खनिजे नव्हती, आणि द्रवही सजीवांपासूनच काढलेला होता. डार्विनने १८७१ मध्ये हूकर यांना लिहिलेल्या पत्रात 'उबदार छोट्या तळ्या'ची कल्पना मांडली आणि त्याच वाक्यात पुढे म्हटले, की आज असे काही तयार झाले तर ते तत्काळ खाल्ले किंवा शोषले जाईल. मिलरने आठवड्यानंतर ठिणगी बंद केली तेव्हा पहिले काम तेच केले: चंबूत मर्क्युरिक क्लोराइड ओतले, जंतूंनी त्यातली अमिनो आम्ले फस्त करू नयेत म्हणून.

आपला,
जीवरसायनशास्त्राचा एक अभ्यासक